चयापचयाच्या आजारांची जनुकं शोधणारा डॉक्टर नेमकं काय करतो?

वैद्यकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा आम्हाला जीवनशैलीचे आजार म्हणून शिकवतात. मग त्यांच्या जनुकांवर आयुष्य घालवणारे डॉक्टर नेमकं काय शोधतात, आणि जनुक सापडल्यावर रुग्णाच्या पदरात काय पडतं? सोबत त्यांनी घरातली एक गोष्टही लिहिली आहे. त्यांचा मामेभाऊ सडपातळ आहे, बाविसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला, टाइप १ समजून इन्सुलिन सुरू झालं. मामांना तिशीच्या आत झाला होता आणि आजोबांना ‘लवकरच’. मामेभावाबद्दल शेवटी बोलतो, कारण त्याचं उत्तर मधल्या सगळ्या गोष्टींवर उभं आहे.

आमचं काम पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत न बसणाऱ्या रुग्णापासून सुरू होतं. नेहमीचे शंभर रुग्ण तपासले की आजार कसा दिसतो ते कळतं. तो का होतो हे मात्र बहुतेक वेळा एकशे एकावा सांगतो, ज्याचं वय जुळत नाही, वजन जुळत नाही किंवा ज्याच्या घरातली माणसं फारच सारखी आजारी पडलेली असतात. यंत्रं, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं), संगणक हे सगळं त्यानंतरचं.

या विषयाचा जन्मच असा झाला. लंडनमधल्या आर्चिबाल्ड गॅरड यांच्याकडे अशी मुलं येत, ज्यांची लघवी हवेत राहिली की काळी पडायची. दुपटी काळी दिसायची, म्हणून आया घाबरून मुलांना घेऊन यायच्या. गॅरडनी आईवडिलांची चौकशी केली तेव्हा बऱ्याच घरांत नवरा-बायको सख्खे चुलत-मावस भावंडं निघाले. १९०२ साली त्यांनी लिहिलं की हा जंतूंचा आजार नाही, शरीरातल्या रासायनिक साखळीतला एक टप्पा जन्मापासूनच अडलेला आहे आणि तो आनुवंशिक आहे. डीएनए म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. या आजाराचं, अल्कॅप्टोन्युरियाचं, जनुक सापडायला १९९६ उजाडलं आणि त्यावरचं औषध, निटिसिनोन, युरोपात या आजारासाठी मंजूर झालं २०२० मध्ये. निरीक्षणापासून गोळीपर्यंत ११८ वर्षं. हा आकडा मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, कारण या कामाला किती धीर लागतो ते त्यातून कळतं. आज वेग कितीतरी वाढला आहे, पण क्रम तोच आहे.

आता लठ्ठपणाकडे येतो, कारण ‘जीवनशैली’ हा शब्द तिथे सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त अन्यायही तिथेच होतो.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली एक अतिलठ्ठ उंदीर जन्माला आला. पुढे त्याच लक्षणांची आणखी एक जात मिळाली. डग्लस कोलमन यांनी या उंदरांचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून पाहिला. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला की लठ्ठ उंदराचं खाणं कमी व्हायचं. दुसऱ्या जातीचा जोडला तर उलट निरोगी जोडीदारच अन्न सोडून उपाशी मरायचा. कोलमननी ताडलं की पहिल्याच्या रक्तात ‘पुरे’ सांगणारा पदार्थच तयार होत नाही, आणि दुसऱ्याच्या रक्तात तो भरपूर आहे पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. कोणतंही जनुक हाताशी नसताना केवळ प्रयोगाच्या रचनेवर काढलेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो पदार्थ शोधला. तोच लेप्टिन. चरबीच्या पेशी तो रक्तात सोडतात.

यावर सरळ आक्षेप होता की उंदरात असेल, माणसात कशावरून? उत्तर १९९७ साली केंब्रिजमधून आलं. स्टीफन ओ’राहिली आणि सदफ फारुकी यांच्याकडे एकाच कुटुंबातली दोन मुलं आली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं आणि तिच्या नात्यातल्या दोन वर्षांच्या भावाचं (सख्ख्या नव्हे) २९ किलो. जन्माच्या वेळी दोघांची वजनं सामान्य होती. एवढी चरबी अंगावर असताना रक्तात लेप्टिन खूप जास्त सापडायला हवं होतं. ते जवळजवळ शून्य निघालं. लेप्टिनच्या जनुकातलं एक अक्षर गळालं होतं, आणि एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन बिघडतं.

पुढे मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि वजन ९४.४ किलो होतं. वर्षभरात १६.४ किलो उतरलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की वजन उतरलं ते भूक शांत झाल्यामुळे. तिच्या शरीराची ऊर्जा जाळण्याची गती मुळात कमी नव्हतीच. बिघाड भुकेत होता आणि भूक मेंदूत ठरते. ज्या मुलीला घरचे, शाळेतले, कदाचित डॉक्टरही ‘जरा आवर स्वतःला’ म्हणत असतील, तिच्या मेंदूला पोट भरल्याची बातमी जन्मापासून एकदाही पोचली नव्हती. हे वाचल्यावर रुग्णाशी बोलण्याची माझी भाषा बदलली. पुन्हा कधी कुणाला मी ‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हटलं नाही.

मग लेप्टिनने जगाचा लठ्ठपणा गेला का? नाही. सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन मुळातच जास्त असतं, वरून दिलेल्याचा फारसा परिणाम होत नाही. पण त्या दोन मुलांमुळे मेंदूतली भुकेची वाट उलगडायला लागली. तिच्यावरचा एक टप्पा म्हणजे एमसी४आर हा ग्राहक, म्हणजे पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन. त्याचं बिघडलेलं रूप १९९८ मध्ये माणसांत सापडलं आणि एकाच जनुकामुळे होणाऱ्या लठ्ठपणाचं ते सर्वांत जास्त आढळणारं कारण ठरलं. त्याच ग्राहकाला चालना देणारं सेटमेलानोटाइड हे औषध अमेरिकेत २०२० साली मंजूर झालं, या वाटेवरची ठरावीक जनुकं बिघडलेल्या रुग्णांसाठी.

जनुक सापडल्याने रुग्णाला काय मिळतं, याचं सर्वांत थेट उत्तर नवजात मधुमेहात आहे. इथे मी स्वतः पाहिलेलंच सांगतो.

चौदा वर्षांचा एक मुलगा दुसरीकडून आमच्याकडे आला. दिवसाला चार इंजेक्शनं, फायलीवर मोठ्या अक्षरात ‘टाइप १’. फाइल जाड होती. मी पहिल्या पानापर्यंत मागे गेलो. तिथे लिहिलं होतं, ‘निदानाच्या वेळी वय: ७ आठवडे’. पुढच्या चौदा वर्षांत ते पान कुणी उलटून पाहिलं नसावं. टाइप १ मध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात असं क्वचितच घडतं. त्या वयात मधुमेह झाला तर जवळजवळ नेहमी एकच जनुक बिघडलेलं असतं. त्याचा अहवाल आला: केसीएनजे११ जनुक, प्रथिनाच्या २०१व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन.

हे जनुक बीटा पेशीच्या पडद्यावरचं पोटॅशियमचं दार बनवतं. जेवलं की ग्लुकोज पेशीत जातं, त्यातून एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू तयार होतो, एटीपी ते दार बंद करतं. दार बंद झालं की पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुड्या रक्तात मोकळ्या होतात. या मुलाचं दार एटीपीला दाद देत नव्हतं. इन्सुलिन आत तयार होतं, पण बाहेर सोडण्याचा हुकूमच पोचत नव्हता. बाहेरून तपासलं तर इन्सुलिन शून्य, म्हणून टाइप १ वाटलं.

सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या हेच दार दुसऱ्या बाजूने बंद करतात, एटीपीची वाट न पाहता. या गोळ्या १९५० च्या दशकापासून टाइप २ साठी वापरात आहेत. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्रू हॅटर्सली आणि अ‍ॅना ग्लॉइन यांच्या गटाने २००४ मध्ये या जनुकाचा संबंध दाखवला, आणि २००६ मध्ये असे ४९ रुग्ण इन्सुलिनवरून गोळ्यांवर आणून पाहिले. ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद झालं.

आम्ही मुलाला वॉर्डात दाखल करून घेतलं. रोज ग्लिबेनक्लामाइडचा (याच गटातल्या एका गोळीचा) डोस वाढवायचा, इन्सुलिन उतरवायचं. पाचव्या दिवशी पहिल्यांदा त्याने दिवसभरात एकही इंजेक्शन घेतलं नाही. रात्री तीन वाजता मी वॉर्डात गेलो तेव्हा आई जागी होती. तिने त्याच्या बोटावरचा रक्ताचा थेंब पट्टीला लावला, आकडा आला ११८. तिने तो वाचला, पुसला आणि दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासला. पुढे कितीतरी महिने ती पर्समध्ये सिरिंज घेऊनच फिरत होती.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे ग्लुकोकायनेज. हे प्रथिन बीटा पेशीतला साखर मोजणारा काटा. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून) एक बिघडली की काटा थोडा वर सरकतो आणि उपाशीपोटी साखर जन्मभर शंभर ते एकशे पंचेचाळीसच्या आसपास राहते. वाढत नाही, गुंतागुंत जवळजवळ करत नाही. अशा माणसाला गर्भारपण सोडलं तर औषध लागत नाही. वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या माणसाला ‘आता बंद करा’ सांगता येणं हासुद्धा संशोधनाचा फायदाच आहे. गर्भारपणात तर हेच जनुक फार सुंदर धडा देतं. बिघडलेली प्रत बाळाकडे आली तर बाळ स्वतः इन्सुलिन कमी करतं आणि त्याचं वजन साधारण अर्धा किलोने कमी भरतं, कारण गर्भात इन्सुलिन हेच वाढीचं खत असतं. आईची साखर जास्त आणि बाळाची प्रत चांगली असेल, तर बाळ तेवढंच जास्त भरतं.

कधी कधी चौकटीबाहेरचा माणूस आजारी नसतोच, तो अतिनिरोगी असतो. २००३ साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल फार वाढवणारं एक जनुक सापडलं, पीसीएसके९. अमेरिकेत डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी प्रश्न उलटा केला: हे जनुक जास्त चाललं की कोलेस्टेरॉल वाढतं, मग ज्यांच्यात ते बंद आहे त्यांचं काय? आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे दोन टक्के लोकांत त्याची बंद पडलेली प्रत निघाली. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात या लोकांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. जन्मापासून थोडंसं कमी असण्याचा एवढा मोठा परिणाम! पुढे एका बत्तीस वर्षांच्या स्त्रीत दोन्ही प्रती निकामी आढळल्या. तिचं एलडीएल होतं फक्त १४ आणि ती ठणठणीत होती. औषध कंपन्यांना जो प्रश्न सतावत असतो, ‘हे प्रथिन पूर्ण अडवलं तर माणसाला अपाय होईल का’, त्याचं उत्तर निसर्गाने आधीच देऊन ठेवलं होतं. पीसीएसके९ अडवणारी पहिली दोन इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली. ती घेणाऱ्या बहुतेकांत हे जनुक अगदी व्यवस्थित असतं, हे लक्षात घ्या. मूठभर माणसांत दिसलेली गोष्ट लाखोंच्या कामी आली.

आता नेहमीच्या टाइप २ बद्दल. तिथे एकच जनुक दोषी नसतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात टाइप २ शी निगडित डीएनएमधल्या ६११ जागा नोंदल्या गेल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. लठ्ठपणाशी जोडलेलं एफटीओ २००७ मध्ये फार गाजलं. त्याची जोखमीची प्रत आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्यांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं, एवढंच. अशा जागांमधून आजाराचं जीवशास्त्र उलगडतं, पण एखाद्या व्यक्तीला ‘तुला मधुमेह होणार’ किंवा ‘होणार नाही’ असं सांगता येत नाही. शिवाय हे अभ्यास बराच काळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले, त्यामुळे त्यावरून काढलेले जोखमीचे आकडे इतर वंशांच्या माणसांना तितके लागू पडत नाहीत. थुंकीचा नमुना पाठवून घरबसल्या ‘मधुमेहाचं जनुक’ तपासून घेण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही. त्यापेक्षा कंबरेचा घेर आणि आईवडिलांचा इतिहास जास्त सांगून जातो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना उशिरा कळते: जनुकात बदल सापडणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. आपल्या प्रत्येकाच्या जनुकांत हजारो बदल असतात. त्यातला दोषी कोणता हे ठरवायला वंशावळ काढावी लागते, आजारी माणसांत तो बदल आहे आणि निरोग्यांत नाही हे पाहावं लागतं, मोठ्या लोकसंख्येत तो किती आढळतो ते तपासावं लागतं, आणि शेवटी ते प्रथिन पेशीत बनवून खरंच बिघडलं आहे का हे दाखवावं लागतं. केसीएनजे११ च्या वेळी बेडकाच्या अंड्यांत ते दार बनवून त्यातून जाणारा प्रवाह मोजला होता. अहवालात बदलांच्या पाच पायऱ्या असतात, निश्चित घातक ते निश्चित निरुपद्रवी. मधली पायरी ‘अर्थ अनिश्चित’. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आमच्या हातूनही झाला. सतरा वर्षांच्या एका मुलात एचएनएफ१ए जनुकात बदल सापडला. अहवालात ‘बहुधा घातक’ असं होतं. या जनुकाच्या मधुमेहात सल्फोनिलयुरिया फार चांगलं काम करतात, म्हणून आम्ही उत्साहाने इन्सुलिन उतरवलं. तिसऱ्या दिवशी लघवीत कीटोन आले, म्हणजे इन्सुलिन अपुरं पडत होतं. तातडीने इन्सुलिन परत सुरू केलं, मुलगा सुखरूप राहिला. नंतर त्याच्या रक्तात जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटल्याची खूण) भरपूर निघाल्या, म्हणजे तो साधा टाइप १. आणि तोच बदल त्याच्या ७१ वर्षांच्या आजीत सापडला, जिची साखर आजवर कधी वाढली नव्हती. अँटीबॉडी आधी तपासायच्या होत्या, आजीला आधी भेटायचं होतं. क्रम चुकला तो आमचा. मुलाच्या वडिलांना समोर बसवून मी ते सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे अँटीबॉडींचा निकाल हातात आल्याशिवाय जनुकाचा नमुना पुढे जात नाही.

म्हणून आता तुमच्या मामेभावाकडे येतो. सडपातळ शरीर, पंचविशीच्या आत निदान, तीन सलग पिढ्या, हे चित्र एचएनएफ१ए किंवा त्याच्या जवळच्या जनुकाशी जुळतं. अशा एका जनुकाच्या मधुमेहाला मोडी म्हणतात. त्यात आजारी पालकाकडून प्रत्येक अपत्याला बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. आधी जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या तीन अँटीबॉडी तपासून घ्या. तिन्ही नसल्या तर सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी तपासणी. निदानाला तीन ते पाच वर्षं होऊन गेली असतील आणि तरीही ते टिकून असेल, तर टाइप १ ची शक्यता खूप कमी होते. मगच जनुकांची चाचणी. घरातल्या ज्या लहानांना अजून मधुमेह नाही, त्यांची लघवी जेवणानंतर तपासा. एचएनएफ१ए मध्ये रक्तातली साखर वाढण्याआधीच लघवीत साखर उतरायला लागते, कारण मूत्रपिंड ती नीट परत शोषत नाही.

तुमच्या आईची साखर पंचावन्न वर्षांनंतरही व्यवस्थित असेल, तर तिच्याकडे ती प्रत आलेली नसण्याचीच शक्यता जास्त, आणि मग तुमच्याकडेही नाही. तिचं वय कमी असेल तर वर्षातून एकदा साखर तपासणं पुरे.

आजोबांना ‘लवकर’ झाला असं तुम्ही लिहिलं आहे. मला आकडा हवा आहे. आजीला विचारा, लग्नाच्या वेळी होता का, मामांच्या जन्माआधी होता का, वजन किती होतं, इन्सुलिन कधी लागलं. त्या काळातला एखादा कागद सापडला तर उत्तमच. अहवाल येईपर्यंत मामेभावाचं इन्सुलिन एका युनिटनेही कमी करू नका.